रद्दीतली प्रत

"हा लेखक मला भेटला ना, तर या दाभणाने टोचीन त्याला!" मी मोठ्याने म्हणाले, आणि तेवढ्यात दारातून कोणीतरी विचारलं, "नक्की कुठे टोचणार?"

मी मान वर केली. दारात एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. छत्री मिटायचा प्रयत्न चालला होता, पण छत्रीचं तोंड आत आणि पाठ बाहेर. सगळं पाणी आमच्या कोऱ्या कागदांच्या दिशेने ठिबकत होतं.

"आधी ती छत्री बाहेर धरा," मी ओरडले. "मग सांगते कुठे."

त्याने निमूटपणे छत्री बाहेर धरली. स्वतः मात्र आत आला. समोर बसलेली मावशी तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय केलंय त्या लेखकाने?"

"काय केलंय? अहो, याच्या पुस्तकात एक शिंपीण आहे. राजाच्या हेरांसाठी अदृश्य अंगरखे शिवते. शेवटचा टाका पडला की अंगरखा दिसेनासा होतो. म्हणजे या बाईने आपलं पूर्ण झालेलं काम जन्मात कधी पाहिलेलंच नाही! कळतंय का तुम्हाला, केवढी गोष्ट आहे ही? आणि तिला किती पानं दिलीयत याने? अडीच. आणि युद्धाला? सदतीस!"

"तुम्ही मोजलीत?"

"मोजणं कामच आहे माझं."

"माझंही," तो म्हणाला. "मी पाऊस मोजतो. वेधशाळेत. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला. आणि मधल्या वेळात..." माझ्या हातातल्या कागदाकडे त्याने हनुवटीनेच खूण केली. "हे."

दाभण अजून माझ्या हातात होतं. मी ते हळूच टेबलावर ठेवलं.

दुसरी कोणी असती तर लाजली असती, माफी मागितली असती. मी म्हणाले, "दिवसभर पाऊस मोजता आणि पुस्तकात एक थेंब नाही. आख्ख्या राज्यात कोणी भिजलेलं नाही."

"घरी येऊन परत ऑफिसचं काम कोण करतं?"

तो काकांना मुखपृष्ठाचं विचारायला आला होता. पुढचं दार सोडून मागच्या गल्लीत चुकला होता. पुढची दोन वर्षं तो तसाच चुकत राहिला.

आता जरा माझं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि त्या छापखान्यात बाइंडिंगला होते. छापखाना म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढे काका. ते मालक होते, पण मालक म्हटलं की ओशाळायचे. मधे मशीन आणि मशीनमन. मागे आम्ही दोघी, मावशी आणि मी, आणि गल्लीत उघडणारं एक दार.

छापलेला कागद आमच्याकडे येतो तेव्हा तो पुस्तक नसतो. एका मोठ्या कागदावर सोळा पानं असतात, काही उलटी, काही सुलटी. पहिल्याच्या शेजारी सोळावं, चौथ्याच्या शेजारी तेरावं. त्याला फर्मा म्हणतात. हाडाच्या पट्टीने घड्या घातल्या की पानं ओळीत येतात. मग फर्मे एकावर एक जुळवायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा. मी वाचायचे ते घडी घालायच्या आधीच, कागद टेबलावर पसरलेला असताना. त्यामुळे माझ्या वाचनात नायिकेचं लग्न आधी व्हायचं आणि नायकाची ओळख नंतर. मला त्याचं काही वाटत नसे. पुढे काय होतं याची घाई मला कधीच नव्हती. मला माणूस कसा आहे ते हवं असायचं, आणि ते कुठल्याही पानावर कळतं.

मशीन लावताना पहिले काही कागद वाया जातात. शाई फिकी येते, नाहीतर ओळी तिरप्या जातात. ते रद्दीत टाकतात. मशीनमन त्यातलाच एकेक फर्मा माझ्यासाठी काढून माझ्या टेबलाखाली सरकवायचा. सगळे जमले की मी ते घरी नेऊन शिवायचे. त्या दोन वर्षांच्या शेवटी अशी एकेचाळीस पुस्तकं होती माझी, सगळी रद्दीत जन्मलेली. वहिनी म्हणायची, "वन्सं, तुमच्या कपाटात एक तरी सरळ ओळ आहे का हो?"

त्यातली माझी लाडकी म्हणजे अद्भुत कादंबऱ्या. कुठल्याही प्रकाशकाने न घेतलेल्या, लेखकाने हौसेने स्वतःच दोनशे प्रती छापून घेतलेल्या. त्यांना सांगायला कोणी नसतं की हे काढा, ते वाढवा. म्हणून त्यांत कधीकधी एखादं माणूस निवांत बसलेलं सापडतं. आजूबाजूला राज्यं बुडत असतात, आकाशातून आग पडत असते, आणि ते आपलं सुईत दोरा ओवत बसलेलं असतं.

दुसऱ्या भागात शिंपिणीला एकशे बारा पानं मिळाली.

"दाभणाची भीती," तो म्हणाला.

"लेखकाने असं वाचकाला घाबरून चालत नाही."

"सगळ्या वाचकांना नाही घाबरत. एकीलाच."

मी हाडाची पट्टी जरा जोरातच फिरवली. कागद टर्रकन फाटला. मावशी म्हणाली, "बघ हो, त्यांना एक फर्मा कमी पडेल तुझ्यापायी."

तो हळूहळू एकेक सांगायचा. एका प्रकाशकाने म्हणे सुचवलं होतं, शिंपीण काढा आणि राजकुमार घाला.

"मग?"

"मग बाहेर येऊन बसथांब्यावर बसलो आणि शिंपिणीची माफी मागितली."

"मोठ्याने?"

"शेजारची बाई उठून लांब जाऊन बसली, म्हणजे मोठ्यानेच असेल."

दुसऱ्या भागात एक नवीन माणूसही होता, वेशीवरचा पहारेकरी. अंगरखा घालून कोण आत येतं, कोण बाहेर जातं, ते त्याला दिसायचं नाही. म्हणून तो मधूनमधून रिकाम्या वाटेकडे बघून म्हणायचा, "या." लोक हसायचे. तो सांगायचा, "कोणी असलं तर त्याला बरं वाटेल. नसलं तर वाऱ्याला म्हटलं."

ते वाचलं त्या दिवसापासून आमचा खेळ सुरू झाला. गल्लीत त्याची पावलं वाजली की मी मान वर न करता म्हणायचे, "या."

"वारा आहे," तो दारातून म्हणायचा.

"मग वाऱ्याने पाय पुसून यावं."

बसायचा तो कागदांच्या गठ्ठ्यावर. पाच वाजले की उठायचाच. साडेपाचला पाऊस मोजायचा असे, आणि बारा वर्षांत एकदाही त्याने तो चुकवला नव्हता. तापात चुकवला नव्हता, भावाच्या लग्नातही नाही. "लग्नातून उठून गेलात?" मी विचारलं. "अक्षता पडल्या आणि गेलो," तो म्हणाला, "वहिनी अजून बोलत नाही."

प्रत तयार झाली की तो एक माझ्यासाठी ठेवायचा. त्यावर सही नसायची. तारीख असायची, आणि खाली सकाळी साडेआठ, इतके इतके मिलिमीटर.

"ही काय सही झाली?"

"सही खोटी करता येते. पाऊस नाही."

त्या चांगल्या प्रती मी कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवायचे. वाचायचे मात्र रद्दीतलीच. तिच्यात माझे हात लागलेले असत, माझा दोरा असे. सवयच पडली होती तशी. ही सवय लक्षात ठेवा.

तिसरा भाग शेवटचा होता. त्याचे फर्मे मशीनवर चढायला लागले होते. एका मंगळवारी तो आला तो छत्रीशिवाय. खांदे भिजलेले, हातात एक लिफाफा.

"या," मी म्हणाले.

तो "वारा आहे" म्हणाला नाही.

"बदली झाली. डोंगरावरच्या वेधशाळेत. वर्षातले आठ महिने ढगात असते म्हणतात."

"मग चैन आहे तुमची."

"पाऊस आवडतो असं कोणी सांगितलं तुम्हाला? मोजतो फक्त." तो गठ्ठ्यावर बसला. लिफाफ्याची कड नखाने सरळ करत राहिला. "तिथे राहायला जागा देतात. दोन खोल्या. एकीला खिडकी नाही, तिथे पुस्तकं नीट राहतील... दमट होणार नाहीत. पण एकट्या माणसाला... दोन खोल्या म्हणजे..."

"एकीत झोपा, एकीत घोरा," मी म्हणाले.

अशी मी. छातीत मशीन धडधडत होतं, तोंडातून हे आलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता म्हणून बरं, नाहीतर त्याला धडधड ऐकू गेली असती.

तो हसला. मग उठला. "मला तोंडाने जमत नाही. तुम्हाला माहीत आहे. शेवटचा फर्मा गुरुवारी मशीनवर लागेल. तो वाचा. तुम्ही उलटंच वाचता, तेव्हा शेवटचं पान आधी वाचलंत तरी चालेल. मला जे म्हणायचंय ते तिथे असेल. शनिवारी मी प्रती न्यायला येईन... याच दाराने. पटलं असेल तर नेहमीसारखं 'या' म्हणा."

"आणि नाही पटलं तर?"

"तर वारा समजा."

जाताना तो वाकला. माझ्या केसांत शिलाईच्या दोऱ्याचा एक तुकडा अडकला होता. तो त्याने दोन बोटांनी अलगद काढला, करंगळीला गुंडाळला आणि निघाला. परत दिला नाही. मीही मागितला नाही.

"आज दोन वेळा साखर घातलीत चहात," वहिनी संध्याकाळी म्हणाली. "काय आहे काय?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि तिसऱ्यांदा घातली.

बुधवारी मी रजेवर होते. आईच्या डोळ्यांना औषध घालून दवाखान्यात तासन्‌तास बसवून ठेवलं होतं. गुरुवारी सकाळी कामावर गेले तर टेबलाखाली घडी न घातलेला एक कागद. फिका, एका कोपऱ्यात शाई फुटलेली. शेवटचा फर्मा. एक दिवस आधीच लागला होता तर!

मावशी अजून यायची होती. मी कागद टेबलावर पसरला. हात धुऊन आले. उगाच पुन्हा एकदा धुतले. मग शेवटचं पान शोधलं. ते उलटं होतं, म्हणून मीच टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.

शिंपिणीने शेवटचा अंगरखा स्वतःसाठी शिवला. शेवटचा टाका घातला आणि ती दिसेनाशी झाली. चालत वेशीपाशी आली. पहारेकरी रिकाम्या वाटेकडे बघत होता. त्या दिवशी तो काही बोलला नाही. ती गेली. थोड्या वेळाने त्याने दार ओढून घेतलं.

एवढंच.

मी पुन्हा वाचलं. मग सरळ, पहिल्या पानापासून वाचलं, जसं मी कधीच वाचत नाही. शेवट तोच आला.

सगळ्या जगाला, वाऱ्यालासुद्धा "या" म्हणणारा माणूस. नेमकं तिलाच म्हणाला नाही.

मला राग आला नाही. खरं सांगायचं तर आधी कौतुकच वाटलं, किती सभ्यपणे सांगितलंय म्हणून. माणसं तोंडावर नाही म्हणतात, पत्राने म्हणतात, याने छापून दिलं. आणि शिंपीण तिच्या जागी अगदी बरोबर वागली होती. तिने मागे वळून पाहिलं नव्हतं. मग मीही तसंच करायला हवं होतं, नाही का? दोन वर्षं मीच त्याला शिकवत होते, ती कशी आहे ते.

मावशी आली तेव्हा मी पिशवी भरत होते.

"ताईकडे जाते," मी म्हणाले. ताईला दुसरं बाळ होणार होतं, ती महिनाभर बोलावत होती. "दहा दिवस."

"अगं, पण हे पुस्तक? एकच तर फर्मा शिवायचा राहिलाय."

"तू घे तो. मला हात लावायचा नाहीये त्याला."

मावशीला अक्षरं येत नसत. आकडे येत. पानांचे आकडे बघून ती घड्या घालायची आणि कधी चुकायची नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि आपली पट्टी उचलली. मी तो कागद घडी करून पिशवीत टाकला आणि दुपारच्या गाडीने गेले.

दहा दिवसांनी परत आले तर टेबलावर कागदात गुंडाळलेली एक प्रत होती. दोन्हीकडून दोरा बांधलेला.

मावशी म्हणाली, "शनिवारी आले होते. विचारत होते, शेवटचा फर्मा वाचला का तिने. मी म्हटलं, वाचला. वाचला आणि उठून गेली, म्हणाली हात लावायचा नाही. खरं तेच सांगितलं."

"बरं केलंस."

मशीनमन हात पुसत आत आला. "तुझ्या साहेबांनी मला त्या बुधवारी काय राबवलं माहितीये? घरी निघालो होतो, चपला पायात होत्या—"

"त्या माणसाचं नाव माझ्यापुढे काढू नकोस," मी म्हणाले.

तो भला माणूस. निवृत्त होईपर्यंत त्याने ते नाव काढलं नाही.

घरी मी रद्दीतले फर्मे काढले, जुळवले, शिवले. शेवटचासुद्धा. बेचाळिसावं पुस्तक. चांगली प्रत तशीच बांधलेली वरच्या फळीवर ठेवली. उघडली नाही. काय उघडायचं? शेवट माहीत होता. चांगल्या प्रतीत तो आणखी स्वच्छ दिसला असता, एवढंच.

एकोणीस वर्षं गेली. काका गेले, छापखाना मोडला, मशीन कोणीतरी तुकडे करून नेलं. ती मागची खोली मी भाड्याने घेतली. आता मी जुनी पुस्तकं दुरुस्त करते. लग्न झालं नाही असं लोक म्हणतात, केलं नाही असं मी म्हणते. खरं काय ते या दोन्हींच्या मधे कुठेतरी असेल.

गेल्या महिन्यात एका सोमवारी कॉलेजातली एक मुलगी आली. नाकापेक्षा चष्मा मोठा. ओढणीत गुंडाळून काहीतरी आणलं होतं, आजारी मांजर आणावं तसं.

"काकू, हे शिवून मिळेल?"

मी ओढणी बाजूला केली. ओळखायला मुखपृष्ठ बघावं लागलं नाही. पाठीवरचा दोरा पाहिला आणि ओळखलं. माझाच दोरा. तिसरा भाग.

"कुठे मिळालं हे तुला?" माझा आवाज बरा होता.

"आमचा ग्रुप आहे. अकरा जणांचा. आम्ही असलीच पुस्तकं शोधतो, प्रकाशकाने न घेतलेली. चेटूक, राक्षस, उडते घोडे, काहीही असू दे, पण माणसं खरी हवीत. याच्या दोनशे प्रती होत्या फक्त. आम्हाला नऊ सापडल्यात."

"दहा," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही. ठेव इथे. शनिवारी ये."

"आणि काकू, शेवटची पानं जरा जपून हं. सगळा जीव तिथे आहे."

मी पुस्तक तिच्या दिशेने ढकललं. "कसला जीव? जाऊ दिलं त्याने तिला. वाऱ्याला या म्हणणारा मेला, आणि तिच्या वेळी दातखीळ बसली त्याची."

मुलीने चष्मा वर सरकवला. "काकू, जाऊ कुठे दिलं?"

"मी वाचलंय."

"मीही वाचलंय. बत्तीस वेळा!"

"मग तेहतिसाव्यांदा नीट वाच."

"तुम्हीच वाचा ना," ती चिडून म्हणाली आणि शेवटचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं.

शिंपिणीने शेवटचा अंगरखा स्वतःसाठी शिवला. शेवटचा टाका घातला आणि ती दिसेनाशी झाली. चालत वेशीपाशी आली. पहारेकरी रिकाम्या वाटेकडे बघत होता. तो "या" म्हणाला नाही. म्हणाला, "थांबा. डाव्या खांद्यापाशी एक टाका सुटलाय तुमचा."

तिने खांद्यावर हात नेला. टाका सुटला नव्हता.

"मी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"दिसता की," पहारेकरी म्हणाला. "मला तुम्ही रोजच दिसता. बाहेर पाऊस आहे. आत या."

आख्ख्या तीन भागांत पहिल्यांदाच पाऊस पडला होता.

मी पान उलटून घडीवर बोट फिरवलं. मावशीची पट्टी केसभर उजवीकडे जायची. गेली होती. फर्मा त्याच पुस्तकातला, त्याच आठवड्यातला. आणि मग एकोणीस वर्षं अर्धवट लटकलेलं मशीनमनचं ते वाक्य आपोआप पूर्ण झालं. घरी निघालो होतो, चपला पायात होत्या... आणि साहेब धावत आला, शेवटचा फर्मा छापून झालेला पाहून काकांच्या हातापाया पडला, नवं पान दिलं, आणि मला पुन्हा मशीन लावायला लावलं. गुरुवारी लागायचा म्हणून तो बुधवारी आला होता. आधीचे सगळे कागद रद्दीत गेले. त्यातला एक तेवढा दुपारीच माझ्या टेबलाखाली सरकवलेला होता, नेहमीसारखा, मायेने.

"काकू? पाणी आणू?"

"नको." मी पुस्तक मिटलं. "हे लिहिणारे... कुठे असतात आता?"

"नाहीत. आम्ही पत्ता शोधला ना, पण उशीर झाला. तीन वर्षं झाली. डोंगरावरच्या वेधशाळेत होते. बढती मिळत होती, बदलीही, पण खाली यायला तयार नसायचे म्हणे. तिथला माणूस सांगत होता, दोन खोल्यांत एकटेच राहायचे. एक खोली नुसती पुस्तकांची."

"खिडकी नसलेली."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला कसं माहीत?"

"दमट होत नाहीत त्यात," मी म्हणाले, आणि उगाच दोऱ्याचं रीळ शोधायला लागले. ते माझ्या हातातच होतं.

घरी गेल्यावर स्टुलावर चढून वरच्या फळीवरची प्रत काढली. वहिनी खालून म्हणाली, "पडाल हो, या वयात कसली झाडलोट?" बांधलेला दोरा बोट लागताच तुटला. कागद कडकडीत झाला होता, पिवळा. आत पुस्तक मात्र नवं होतं. पानं एकमेकांना चिकटलेली, कोणी न उघडलेली.

पहिल्या पानावर पेन्सिलने तारीख होती, तो शनिवार. खाली दोन ओळी.

सकाळी साडेआठ : १२.४ मि.मी.
संध्याकाळी साडेपाच : मोजला नाही. तुमच्या दारात होतो.

मी स्टुलावरच बसले. वहिनी आली, माझ्या हातातलं पुस्तक तिने पाहिलं, मला पाहिलं. ती शेजारी जमिनीवर बसली आणि माझ्या पायावर हात ठेवून राहिली. ती आता साठीला आली आहे.

त्याच्या त्या खात्यात, कुठल्यातरी जुन्या वहीत, त्या शनिवारच्या संध्याकाळची रिकामी जागा असेल. एवढ्या वर्षांत एकच. कोणी साहेबाने खाली लाल शाईने विचारलंही असेल, का म्हणून. त्याने काय उत्तर दिलं असेल? मला वाटतं, दिलंच नसेल. त्याला तोंडाने जमत नसे.

शनिवारी मुलगी आली. तिची प्रत मी शिवून, नवा पुठ्ठा चढवून ठेवली होती. तिने शेवटची पानं आधी तपासली, मग मला मिठीच मारली. मग तिचं लक्ष टेबलावरच्या दुसऱ्या पुस्तकाकडे गेलं. फिकी शाई, तिरप्या ओळी.

"हे काय?"

"दहावी. नाही, अकरावी म्हण. बघ हवी तर. शेवट वेगळा आहे."

ती गठ्ठ्यावर बसून वाचायला लागली. बाहेर पाऊस सुरू झाला होता. शेवटच्या पानाशी येऊन तिने चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"किती वाईट आहे हा, काकू."

"हो ना."

"आणि खोटा आहे. ती अशी जाणारच नाही. तो आधी बोलेपर्यंत ती थांबेल, निदान एकदा तरी. तुम्हाला नाही वाटत?"

मी हाडाची पट्टी पुसत होते. "तेव्हा मला वाटलं, ती अशीच आहे," मी म्हणाले. "चुकलं माझं."

गल्लीतलं दार वाऱ्याने थोडं उघडलं. ओला वास आत आला. मी मान वर न करता म्हणाले, "या."

मुलगी वळून बघायला लागली. "कोण आलं?"

मी घड्याळ बघितलं. साडेपाच वाजले होते.

"पाय पुसून," मी म्हणाले.